एका हातात बसणारा रंग

तात्यांनी मला पहिला प्रश्न विचारला तो माझ्या लुगड्यावरून. आम्ही पापडीला बिऱ्हाड केलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी विहिरीवर पाणी काढत होते आणि घरमालक कमरेवर हात ठेवून माझ्याकडे टक लावून बघत होते. नव्या बिऱ्हाडकरणीकडे असं बघणारा घरमालक म्हणजे पुढे काय वाढून ठेवलंय कोण जाणे, असं माझ्या मनात आलं. मी पदर सावरून रागाने बघितलं, तर ते गंभीरपणे म्हणाले, "बाई, या लुगड्याचा रंग काय म्हनायचा?"

मी म्हटलं, राखी.

त्यांचा चेहरा पडला. "राखी तर सगलेच म्हनतात. पन कोनती राख? शेनीची, लाकडाची का सोडनाची?"

संध्याकाळी मी ह्यांना म्हटलं, घरमालक जरा सटकलेले दिसतात. हे तेव्हा वसईच्या मामलेदार कचेरीत नुकतेच बदलून आले होते आणि जागा मिळाली याच आनंदात होते. म्हणाले, विहिरीचं पाणी गोडं आहे, पडवी हवेशीर आहे, राखेचं तू बघून घे. आता माझा स्वभाव असा की कुणी मला वेड्यात काढलेलं चालतं, पण अडाण्यात काढलेलं चालत नाही. दुसऱ्या दिवशी मी चुलीतली लाकडाची राख, बंबातली नारळाच्या सोडणांची राख आणि शेजारच्या गोठ्यावरून मागून आणलेली शेणीची राख अशा तीन मुठी केळीच्या पानावर ओळीने मांडल्या. बघते तर तिन्ही वेगळ्या. शेणीची पिवळट, लाकडाची पांढुरकी, सोडणाची निळसर काळी. आयुष्यभर मी राख उपसली होती, पण बघितली पहिल्यांदा. तात्यांना जाऊन सांगितलं, लुगडं लाकडाच्या राखेचं आहे. ते एवढंच म्हणाले, "आता बराबर." त्या दिवसापासून मी त्यांच्या लेखी माणसांत जमा झाले.

स्वराज्य मिळालं त्याच्या दुसऱ्या वर्षीची ही गोष्ट. तात्यांचं नाव जगन्नाथ राऊत. पापडीत त्यांची भावाभावांची वाडी होती, केळी, पानवेली आणि नारळाची. भाऊ वाडी करत राहिले आणि तात्या मिसरूड फुटायच्या आत मुंबईच्या गोदीत रंगखात्यात लागले. तीस वर्षं त्यांनी बोटींचा रंग कालवला. लढाई संपल्यावर नोकरी सोडून घरी आले तेव्हा नखांच्या कडेला जो करडेपणा बसला होता तो मी त्यांना ओळखत होते तोवर निघाला नव्हता. अंगाला अळशीच्या तेलाचा वास. बुटके, काटक, डावा डोळा किंचित बारीक केलेला, जणू सगळं जग त्यांच्यापुढे नमुना म्हणून आणून ठेवलंय आणि ते पसंत करायचं की परत पाठवायचं हे ठरायचंय.

मागच्या पडवीत त्यांच्या बोटी होत्या. हातभर लांबीच्या, लढाईतल्या. गोदीत ज्या बोटींना त्यांनी रंग दिला होता त्याच ते करत. लाकूडकाम त्यांचं नव्हतं. ते करायचे इनास सुतार, चर्चच्या पलीकडे राहणारे तात्यांचे बालमित्र. पांगाऱ्याच्या लाकडातून ते आठ दिवसांत बोट कोरून देत, तोफा, डोलकाठी, धुराड्यासकट. मग तात्या तिच्या रंगाला सहा महिने घेत. इनासमामा म्हणायचे, "नोहाने आख्खं तारू बांदलं एवड्या दिसांत. ह्याचा अजून पयला हात सुकतो." रंगाच्या एका थराला हे लोक हात म्हणत. पहिला हात, दुसरा हात. बोटीला दोन हात दिले की काम पक्कं.

भिंतीला लाकडाच्या अरुंद पट्ट्या टांगलेल्या होत्या, तीसेक असतील, प्रत्येकीवर एकेक करडा रंग. मला पहिल्यांदा त्या सगळ्या एकाच रंगाच्या वाटल्या. तात्या त्यांना नावाने ओळखत. बांगड्याची पाठ. कबुतराची मान. कालवाच्या शिंपीची आतली बाजू. जुना पत्रा, आणि ओला जुना पत्रा. गोदीत साहेब लोक नंबर सांगत, पण नंबर डोळ्यापुढे येत नाही आणि बांगडा येतो, असं त्यांचं म्हणणं. रंग बघायचा तो सकाळी नऊच्या सुमारास, विहिरीच्या उत्तर अंगाला, सावलीत. दिवेलागणीनंतर त्यांना कुणी रंगाबद्दल विचारलं तर ते सरळ उद्या या म्हणून सांगत.

एकदा मी शहाणपणाने म्हटलं, तात्या, खऱ्या बोटीचा उरलेला रंग डब्यात असेल तर तोच छोट्या बोटीला लावला की झालं. ते समजूत घातल्यासारखं हसले. हातभर बोटीला खऱ्या बोटीचा रंग लावला तर ती काळी दिसते. मोठी बोट आपण लांबून बघतो, मधे मैलभर हवा असते, आणि हवा रंग खाते. म्हणून छोट्या बोटीत हवेचा वाटा आपणच आधी घालायचा, थोडा सफेता, म्हणजे पांढरा रंग, जास्त टाकून. किती जास्त, तिथेच सहा महिने जात. शिवाय एकच बोट लढाईत तीनदा रंग बदलून गेलेली असे. कुणी म्हटलं, ही बोट मी बघितली होती, ती इतकी निळी नव्हती, की तात्या लगेच विचारत, कोणत्या साली? कोणत्या महिन्यात?

त्यांच्या या बाण्याचा प्रसाद आमच्या शाळेलाही मिळाला. मी मुलींच्या शाळेत शिकवायला लागले होते. मराठ्यांनी वसईचा किल्ला जिंकल्याच्या उत्सवात शाळेचं प्रदर्शन भरायचं होतं, आणि मी उत्साहाने सांगून बसले की आमचे तात्या मराठ्यांची गुराब, शिडांची लढाऊ बोट, करून देतील. तात्यांनी हो म्हटलं आणि मग दोन महिने ते गुराबीचा रंग शोधत फिरले. बंदरावरच्या म्हाताऱ्या कोळ्यांना विचारलं, गावातल्या जुन्या घरांतून चौकशी केली, किल्ल्यातल्या भिंतींवर कुठे चित्र आहे का पाहिलं. शेवटी गुराब आली ती अशी: वर भगवा झेंडा, शिडं खादीची, पाण्याखालच्या भागाला चुना आणि तेल, कारण तसं लावत हे त्यांना दोन म्हाताऱ्यांनी वेगवेगळं सांगितलं होतं. आणि मधला सगळा भाग कोरं लाकूड. शाळा समितीचे अध्यक्ष म्हणाले, "अहो, लोक म्हणतील रंग संपला." तात्या म्हणाले, "सांगा, संपला." जे माहीत नाही तिथे रंग लावायचा नाही, असा त्यांचा नियम. खोट्या रंगापेक्षा लाकूड बरं.

अध्यक्ष कसले ऐकतात. त्यांनी शिपायाकडून बाकांना लावायचा तांबडा रंग त्या गुराबीला फासून घेतला. दुसऱ्या दिवशी तात्या प्रदर्शन बघायला आले, गुराबीपुढे उभे राहिले, मग तिला बगलेत मारून चालू पडले. पाहुणे यायला अर्धा तास होता. टेबलावर नुसतीच चिठ्ठी उरली, "मराठ्यांचे आरमार". मी तेव्हा तात्यांवर फार चिडले. चार लोकांत माझी शोभा झाली म्हणून आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही. तो आठवडाभर मागच्या पडवीतून तांबडा रंग खरवडल्याचा आवाज येत होता.

हे सगळं हसण्यावारी नेता येण्यासारखं होतं. पण त्या घरात एक गोष्ट अशी होती की जिला कुणी हसत नसे. पुढच्या ओटीवर तात्यांच्या मुलाचा फोटो होता, खलाशाच्या पोशाखातला. वसंत, वसू. लढाईत तो नेव्हीत गेला आणि त्याची बोट ब्रह्मदेशाच्या बाजूला बुडाली. हे पापडीत सर्वांना माहीत होतं, मलाही पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. आणि मागच्या पडवीत, बाकीच्या बोटींपासून दूर, एका वेगळ्या फळीवर एकच बोट दोनदा केलेली होती. एक फिकी, एक गडद. बाकी दोघींत नखाचाही फरक नव्हता. ती कोणाची बोट हे विचारावं लागत नव्हतं. ती दोनदा का केली हे मात्र मला कळत नव्हतं, आणि तात्यांच्या बायकोला, वेणूकाकींना, विचारायचा धीर होत नव्हता. कारण वेणूकाकी मागच्या पडवीत पाऊलच टाकत नसत. ऊन तिथे चांगलं येई, तरी मिरच्या वाळत घालायच्या त्या पुढल्या अंगणात, कोंबड्यांशी भांडत. बोटींना त्या बोट म्हणत नसत. "त्या" म्हणत. "गेले असतील त्यांच्यापाशी," असं.

थंडीचे दिवस होते. एका सुट्टीच्या दिवशी तात्या मला म्हणाले, बाई, माझं एक काम कराल का, किल्ल्याच्या बंदरावर यायचं. मी विचारलं, मीच का? म्हणाले, "तुमचा डोला नवा हाय. आमच्या लोकांचा डोला माजी भीड धरतो."

काम असं होतं. खाडीच्या उथळ पाण्यात एका ओळखीच्या कोळ्याने दोन बांबू रोवले होते. त्यांना दोरीने दोन बोटी बांधायच्या, ती फिकी आणि ती गडद. मग मी किनाऱ्याकिनाऱ्याने मागे मागे चालत जायचं आणि दोघींतली आधी कोणती दिसेनाशी होते ते सांगायचं. बस्स. मला मोठी गंमत वाटली. त्या हिवाळ्यात आम्ही चारदा गेलो. पहिल्यांदा अगदी पहाटे, अंधूक असताना, तेव्हा गडद बोट आधी गेली. तात्या इतके खुलले की टांग्यात घरापर्यंत गोदीतल्या गोष्टी सांगत राहिले. दुसऱ्यांदा आभाळ होतं, काहीच फरक पडला नाही. तिसऱ्यांदा सूर्य मावळताना, तेव्हाही गडद आधी गेली. मी म्हटलं, तात्या, तुमची काळी हुशार आहे. ते हसले.

चौथ्यांदा आम्ही भर दुपारी गेलो. आभाळ स्वच्छ, खाडीचं पाणी नुसतं झळकत होतं. मी मागे गेले. फिकी बोट त्या झळाळीत विरघळली. गडद बोट ठिपक्यासारखी दिसतच राहिली. आणखी पन्नास पावलं गेले तरी दिसत होती. गणित बरोबर आलेल्या मुलीसारखी मी धावत परत आले आणि ओरडूनच सांगितलं, फिकी गेली, काळी अजून दिसते.

"बराबर बगितलं?"

मी म्हटलं, अगदी बरोबर, आंधळ्यालासुद्धा दिसेल.

तात्यांनी बोटी सोडवल्या, धडप्यात गुंडाळल्या. टांग्यात त्या मांडीवर घट्ट धरून बसले. त्यानंतर आठ दिवस ते मागच्या पडवीतून जेवायलाही उठत नव्हते, इनासमामा हाक मारून परत जायचे. मला वाटलं, उन्हाने आजारी पडले.

वेणूकाकींनी मला सांगितलं ते त्या आठवड्यात. आम्ही विड्याच्या पानांच्या कवळ्या लावत बसलो होतो. त्यांनी मान वर केली नाही, हात थांबवला नाही, आणि सांगून टाकलं.

वसूची बोट लढाईत तीन दिवसांसाठी मुंबईला आली होती, रंग बदलायला. फिका रंग द्यायचा असा हुकूम होता, नमुन्याची पट्टीही आली होती. पण फिक्या रंगाला दोन हात लागतात, मधे सुकायला दिवस लागतो. म्हणजे तिन्ही दिवस कामात जाणार आणि खलाशांना रजा नाही. वसूला घरी येऊन वर्ष होऊन गेलं होतं. तात्या रंगखात्यातून घरी आले तेव्हा काकी त्यांच्या पाया पडायच्या बाकी राहिल्या होत्या.

"मीच म्हनलं, एक दिस तरी माज्या पोराला घेऊन या. कसा पन आना."

गडद रंग एका हातात बसतो. खालचं सगळं झाकतो. तात्यांनी दुसऱ्या दिवशी काजळी जास्त घातली, सफेता कमी, आणि पट्टीपेक्षा गडद रंग कालवला. एका दिवसात बोट झाली. साहेबाने घाईत लांबूनच मान डोलावली. खलाशांना एक दिवसाची रजा मिळाली आणि वसू पापडीला येऊन जेवून गेला. जाताना बापाला चिडवत म्हणाला, तात्या, आमची बोट सावळी केलीत. पुढे दोन महिन्यांनी तार आली. आणि तारेनंतर कुणाच्या तरी तोंडून तात्यांना कळलं की बोटीला विमानांनी गाठलं ते भर दुपारी, स्वच्छ उन्हात.

मी हातातली कवळी खाली ठेवली. मला माझीच लाज वाटली. आंधळ्यालासुद्धा दिसेल, असं मी म्हणाले होते. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात, पण जळत्यावर तेल ओतणाऱ्यालाही कधीतरी कळायला हवं. मी काकींना म्हटलं, मी जाऊन सांगते, मी चुकीचं बघितलं. काकी म्हणाल्या, "नको. ते तुमचा डोला वलखतात."

त्यानंतर आम्ही खाडीवर गेलो नाही. तात्या माझ्याशी पूर्वीसारखेच वागत, लुगड्यांचे रंग विचारत, पण माझ्याच्याने धड उत्तर होत नसे. दोघं नवराबायको एका घरात राहून त्या एका दिवसाबद्दल कधी बोलत नसत. पोरगा घरी आला, पाटावर बसून जेवला, हे त्या घरात सुखाने आठवायचीसुद्धा सोय उरली नव्हती. मला वाटतं, दोघंही आपापल्या मनात म्हणत, ते जेवण आपण त्याच्या जिवावर जेवलो.

दोन वर्षं अशी गेली. मग एका रविवारी सकाळी फाटकाशी एक माणूस आला. चाळिशीच्या आतबाहेरचा, एका पायाने लंगडणारा, हातात सोड्यांची पुडी. शिवराम कदम म्हणून सांगितलं. दापोलीकडचा. खाडीत रेतीच्या होड्या चालत त्यांतल्या एकीवर तो कामाला लागला होता. बंदरावर कोळ्यांनी त्याला गंमत म्हणून सांगितलं होतं की पापडीचा एक म्हातारा पाण्यात खेळण्यातल्या लढाऊ बोटी बांधून त्यांचे रंग बघत असतो. कोण म्हातारा, म्हणून त्याने नाव विचारलं, आणि नाव ऐकून तो आला. वसू आणि तो एकाच बोटीवर होते. तो वाचला होता.

काकींनी चहा केला. मी ओटीच्या कडेला उभी होते, जावं की थांबावं कळत नव्हतं. मग तात्या आत गेले आणि ती गडद बोट घेऊन आले. शिवरामपुढे ठेवली. त्याने ती फिरवून बघितली, तोफा ओळखल्या, आपण कुठे उभे राहत होतो ती जागा बोट ठेवून दाखवली. मग सहज म्हणाला, "पण काका, रंग हा नव्हे."

तात्या म्हणाले, हाच. मीच दिलेला.

"हा होता सुरुवातीला. पण तो कुठे टिकला? पंधरा दिवसांत पोपडे धरायला लागला. अंग ओलं असताना घाईत मारावा लागला असेल. तिकडच्या बंदरात गेल्यावर आमच्याकडून सगळा खरवडून घेतला आणि नवीन दिला. आम्हीच दिला, खलाशांनी."

आपलं बोलणं कुठे लागतंय हे त्या बिचाऱ्याच्या ध्यानात आलं नव्हतं. तात्यांच्या रंगाचा पोपडा तीस वर्षांत उडाला नव्हता, असं इनासमामा अभिमानाने सांगायचे.

"सगला निगाला?" तात्यांनी विचारलं.

"सगळा. लोखंड दिसेपर्यंत."

तात्यांनी मग एकेक विचारायला सुरुवात केली. नवा रंग कसा होता? शिवराम म्हणाला, फिका. किती फिका? त्याने डोकं खाजवलं आणि म्हणाला, दह्यावर निवळी धरते ना, तसा. काकी उठल्या, आतून विरजणाचं भांडं घेऊन आल्या. शिवरामने भांडं उजेडाकडे कलतं केलं आणि म्हणाला, हाच, जरा हिरवट. किती हात दिले? दोन. वसूने कुठे दिला? उजव्या अंगाला, पुढल्या भागात. शिवराम हसायला लागला. "रंगाऱ्याचा मुलगा म्हणून त्याला पुढे घातला, तर त्याने सगळीकडे ओघळ पाडले. तांडेल काय ओरडला त्याला! वसू म्हणाला, बापाचा रंग पोराने पुसला, आता ओघळ तरी माझे राहू द्या."

मीच शेवटी धीर करून विचारलं, मग बोट विमानांना दिसली कशी? शिवरामने माझ्याकडे नवलाने बघितलं. म्हणाला, बाई, कोळशाची बोट ती. दहा मैलांवरून धूर दिसायचा. रंगाचा काय संबंध?

तो गेला. मग काकी स्वयंपाकघरात गेल्या आणि मला हाक मारली. मी गेले तर त्या चुलीपुढे बसून रडत होत्या आणि रडता रडता सांगत होत्या, त्या दिवशी ताजे बोंबील मिळाले होते. कालवण केलं होतं. तांदळाची भाकरी. वसूने पाच भाकऱ्या खाल्ल्या, सहावी अर्धी टाकली म्हणून मी त्याला रागावले. ते जेवण त्यांनी मला त्या दिवशी तीनदा सांगितलं आणि पुढे किती वेळा त्याची मोजदादच नाही. दर वेळी भाकऱ्यांचा आकडा तोच असे. आठ-नऊ वर्षं त्यांनी ते तोंडातून काढलं नव्हतं.

मला वाटलं, तात्यांचंही ओझं उतरलं असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी ते विहिरीशी उभे होते. मी बोलून गेले, तात्या, आता तरी मनातून काढा, तुमच्या रंगाने काही झालं नाही.

त्यांनी मान हलवली. म्हणाले, "नाय झालं. खरं हाय." मग विहिरीत बघत म्हणाले, "येवडी वर्सं वाटायचं, पोराच्या बोटीवर शेवटचा हात माजा व्हता. चुकीचा व्हता, पन माजा व्हता. आता तो पन नाय."

दोषातून सुटलेला माणूस असा अनाथ दिसतो, हे मी त्या दिवशी पाहिलं.

त्यानंतर ते एकाच कामाला लागले. काकी रोज विरजण लावायच्या आणि सकाळी नऊ वाजता तात्या निवळीची वाटी घेऊन विहिरीच्या उत्तर अंगाला बसायचे. सफेता, किंचित नीळ, त्याहून किंचित पिवळा. रंगवलेली पट्टी वाटीशेजारी धरायची, बघायचं, पुसून टाकायचं. गडद बोट त्यांनी खरवडून लाकूड मोकळं केलं होतं. इनासमामा म्हणायचे, जगूने ह्या जन्मातलं सगळं दही नासवलं. पण ते गाईचं दूध स्वतः आणून देत.

पुढच्या वर्षी ह्यांची बदली डहाणूला झाली. सामान आदल्या दिवशी गेलं होतं. फाटकाशी टांगा उभा राहिला, हे घाई करत होते, आणि मी निरोप घ्यायला पुढल्या ओटीवर गेले तर तिथे कुणी नाही. हाक मारली, उत्तर नाही. म्हणून मागे गेले.

वेणूकाकी मागच्या पडवीत होत्या. पाटावर बसल्या होत्या, पदर खोचलेला, हातात कुंचला. समोर ती खरवडलेली बोट. ज्या पडवीत त्या कधी पाऊल टाकत नव्हत्या तिथे बसून त्या बोटीच्या उजव्या अंगाला पुढल्या भागात रंग लावत होत्या. वाटीत रंग कालवून तयार होता, आणि तो निवळीसारखा होता, किंचित हिरवट. डावं अंग आणि मागचा भाग तात्यांनी आधीच रंगवलेला होता, काचेसारखा गुळगुळीत. ते बाजूला जमिनीवर बसले होते.

मी विचारलं, तात्या, एवढाच भाग तुम्ही का नाही रंगवला?

"माजा हात साफ पडतो, बाई. तितं वसूचा साफ नवता."

काकींनी आयुष्यात कुंचला धरला नव्हता. त्या भाकरीला पाणी फिरवावं तसा तो फिरवत होत्या. रंग जास्त झाला, कडेला साचला, आणि तिथून एक जाड ओघळ खाली यायला लागला. तात्यांचा हात आपोआप फडक्याकडे गेला. तीस वर्षांचा हात तो, गेल्याशिवाय कसा राहील? मग त्यांनी तो मागे घेतला आणि दुसऱ्या हाताने मांडीवर दाबून धरला. काकींनी विचारलं, "पुसू काय?"

तात्यांनी मानेने नाही म्हटलं. बाहेरून ह्यांची हाक आली. मी वळले, आणि जाताना मागे बघितलं तेव्हा तो ओघळ पार खालपर्यंत आला होता आणि दोघं त्याच्याकडे बघत बसली होती.